कोलोरातूरा म्हणजे तान का?

प्रश्न असा आहे: मारिया कॅलास आणि जोन सदरलँड या विसाव्या शतकातल्या दोन नामवंत ऑपेरा गायिकांची तुलना करणाऱ्या इंग्रजी मजकुराचं मराठी करताना ‘कोलोरातूरा’ला (म्हणजे पाश्चात्त्य गाण्यातल्या जलद, नक्षीदार स्वरावलीला) ‘तान’ म्हटलं तर चालेल का?

मोह होतो खरा. आकारात सरसर सुटलेले स्वर कानावर पडले की आपल्या तोंडी तानच येते. पण तान रागात आणि तालात राहून गायक तिथल्या तिथे बांधतो, कितीही तयारीची असली तरी. कोलोरातूराचे स्वर बहुतेक वेळा आधीच लिहिलेले असतात. इटालियन संगीतकार दोनिझेत्तीच्या ‘लुचिया’ या ऑपेरातला, नायिकेला वेड लागतं तो प्रवेश घ्या. ऑपेरा १८३५ सालचा, नेपल्सचा. त्यातली गायिका आणि बासरी यांची जी जुगलबंदी रसिक जिवाचा कान करून ऐकतात, ती मात्र दोनिझेत्तीची नव्हेच. ती १८८९च्या सुमारास पॅरिसमध्ये नेली मेल्बा या गायिकेसाठी जोडली गेली. ऐकताना उत्स्फूर्त वाटते, असते तालमीत घोटलेली.

शिवाय हा शब्द आवाजाच्या जातीलाही लावतात: कोलोरातूरा सोप्रानो (सोप्रानो म्हणजे स्त्रियांचा सर्वांत उंच पट्टीचा आवाज). तिथे ‘तान सोप्रानो’ लिहून पाहा, तुम्हालाच हसू येईल! तिथे मूळ शब्दच ठेवावा.

गळ्याच्या चपळाईचा गुण सांगायचा असेल तर आपल्याकडे ‘फिरत’ हा फक्कड शब्द आहे. १९५९ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये सदरलँडने लुचिया गायली आणि ती एका रात्रीत मोठी झाली, ती या फिरतीवर. तार सप्तकातही तिचा स्वर न् स्वर दाणेदार. शब्द मात्र पुसट, ही तक्रार तिचे चाहतेही मान्य करतात.

कॅलासला नुसती ‘फिरत’ पुरत नाही. १९४९ साली व्हेनिसमध्ये वाग्नरच्या ऑपेरातली भारदस्त ब्रुनहिल्डे गात असतानाच तिने काही दिवसांत बेलिनीच्या ऑपेरातली नाजूक एल्विरा उभी केली, म्हणजे फिरत होतीच. पण तिचा आवाज सगळीकडे सारखा नव्हता, पुढेपुढे वरचे स्वर डळमळत. तरी तिची प्रत्येक हरकत अर्थ घेऊन येते. तिच्याबद्दल मी ‘बोलकी फिरत’ लिहीन. (१९५२च्या लंडनमधल्या ‘नॉर्मा’ या ऑपेराच्या प्रयोगात कॅलास नायिका होती आणि सदरलँड तिची सखी. तुलना करणाऱ्यांना हा प्रयोग आठवल्यावाचून राहवत नाही.)

जाता जाता, ‘ट्रिल’ला ‘मुरकी’ करू नका. ट्रिलमध्ये शेजारचे दोन स्वर झपाट्याने आलटून पालटून येत राहतात. मुरकीत स्वरांचा छोटासा गुच्छ एकदाच वळून जातो.