हिमायतबागेत की हिमायतबागात?

छत्रपती संभाजीनगरातल्या (पूर्वीच्या औरंगाबादेतल्या) हिमायतबागेबद्दल प्रश्न असा आला आहे: "पेपरात 'हिमायतबागेत' असं छापतात. आमचे आजोबा मात्र 'हिमायतबागात फिरून येतो' म्हणायचे. शुद्ध कोणतं?"

दोन्ही. बाग स्त्रीलिंगी धरली तर 'बागेत', पुल्लिंगी धरला तर 'बागात'. आजोबांना चुकीचं ठरवायची घाई तर अजिबात करू नका.

'बाग' फारसीतून आला आणि फारसीत व्याकरणाचं लिंगच नाही. म्हणजे शब्द येताना लिंग घेऊन आला नाही, ज्यानं त्यानं ते आपल्या सोयीनं लावलं. उर्दूनं बाग पुल्लिंगी मानला. मराठी अशा बाबतीत उर्दूचं ऐकतेच असं नाही. उर्दूतली 'दुकान' स्त्रीलिंगी, आपलं दुकान नपुंसकलिंगी. शहर आणि मैदान तिकडे पुल्लिंगी, इकडे नपुंसकलिंगी. बागेबाबत मात्र मराठीचं स्वतःशीच एकमत नाही. पुण्यात सारसबागेत, तुळशीबागेत, याखेरीज दुसरं कानावर पडणार नाही. मुंबईत राणीची बागही आहे आणि राणीचा बागही. 'लालबागेत राहतो' म्हणून बघा, परळचा माणूस तुम्हाला दोनदा न्याहाळेल.

आता आपल्याकडचं. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूतून, बरंचसं शिक्षणही उर्दूतून. त्या पिढीच्या तोंडी पुल्लिंगी बाग बसला, यात नवल नाही. पण सगळं श्रेय उर्दूला देऊ नये. जालना-पैठणकडच्या मोसंबीवाल्याचं बोलणं ऐका: "बाग ताणावर सोडला", "औंदा बाग चांगला फुटला", "बाग गुत्त्यानं देऊन टाकला". (ताणावर सोडणं म्हणजे बहर यावा म्हणून झाडांचं पाणी तोडणं. गुत्तं म्हणजे ठेका. हा शब्द तेलुगूकडून आलेला, आणि मराठवाड्यात ठेकेदाराला अजून गुत्तेदारच म्हणतात.) हाच माणूस रविवारी लेकरांना घेऊन शहरात आला, की "चला, बागेत जाऊ" म्हणतो. पिकाचा असतो तो बाग, आणि हिंडण्या-फिरण्याची असते ती बाग. हा नियम नव्हे, बोलण्यातला कल आहे. निजामाशी संबंध नसलेल्या भागातही 'द्राक्षाचा बाग' ऐकू येतोच.

या हिशेबानं हिमायतबाग मोठी अडचणीची जागा आहे. दिल्ली दरवाजाजवळ, सलीम अली सरोवराच्या शेजारी सुमारे ३०० एकरांवर पसरलेली ही मोगल काळातली बाग. आज तिथं परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. म्हणजे एकाच फाटकातून सकाळी बूट घालून चालायला येणारे आत जातात आणि आंब्याची कलमं न्यायला आलेले शेतकरीही. पहिल्यांनी 'बागेत' म्हणावं आणि दुसऱ्यांनी 'बागात', दोघांचंही बरोबरच.

बसस्टँडजवळच्या सिद्धार्थ उद्यानानं हा वाद टाळला आहे. 'उद्यान' सरळ संस्कृत, नपुंसकलिंगी, भांडण नाही. फक्त ते नाव फलकावरच राहतं. रिक्षावाल्याला 'सिद्धार्थ गार्डन' सांगितलं की पटकन कळतं.

लिहिताना काय करावं? बातमीत, पत्रात 'हिमायतबागेत' लिहावं, कारण छापील मराठीत आता तेच रुळलंय. कुणाचं बोलणं उद्धृत करत असाल, तर मात्र 'बागात'चं 'बागेत' करू नका. आठवणी लिहिणाऱ्यांच्या मजकुरात हा बदल मुद्रितशोधक सर्रास करतात आणि आजोबांच्या तोंडची औरंगाबादी बोली तेवढ्यापुरती पुसली जाते.

एक गंमत राहिली. 'मोसंबीचा बाग' म्हणणाऱ्यांना अनेकवचन करायला सांगा. पुल्लिंगी धरला तर 'बाग' तसाच राहायला हवा, 'दगड'सारखा: एक दगड, चार दगड. पण २०१२च्या दुष्काळाबद्दल बोलताना तोच शेतकरी "बाग वाळले" म्हणत नाही. "बागा वाळल्या" म्हणतो. एकवचनातला पुल्लिंगी हट्ट अनेकवचनात त्यालाही सोडावा लागतो.