चमचा सपाटच का?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश अन्न मंत्रालयाच्या पाककृती-पत्रकांत ताज्या अंड्यांऐवजी अंड्याची पावडर दिसते. ती कशी वापरत? त्यावरून त्या समाजाबद्दल काय कळतं?

उत्तर : एका अंड्यासाठी एक मोठा चमचा पावडर, सपाट भरून, आणि तसेच दोन मोठे चमचे पाणी. पाणी एकदम ओतलं की गुठळ्या होतात. आधी थोड्या पाण्यात घोटून मग उरलेलं घालायचं. शिगोशीग चमचा घेतला तर ऑम्लेट चामट होतं. भिजवलेली पावडर लगेच वापरायची, ती टिकत नाही. एक डबा म्हणजे बारा अंडी. पावडर अमेरिकेहून बोटीने येई; अंड्यातलं पाणी काढल्याने बोटीतली जागा वाचे. रेशनिंग १९४० ते १९५४ चाललं. इतकी वर्षं स्वयंपाकघरातला चमचासुद्धा सरकार मोजून देत होतं, हे मला त्या ‘सपाट’ शब्दात सर्वांत स्पष्ट दिसतं.