कंपनीतलं फर्स्ट एड ट्रेनिंग: नाव द्यावं का, चुकलं तर आपल्यावर येतं का?

द्या नाव, उद्याच द्या. तुम्ही विचारलंय की एका दिवसात काय येणार आणि काही चुकलं तर जबाबदारी आपल्यावर येते का. एका दिवसात डॉक्टर होत नाही कोणी, पण रक्त थांबवायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

मी गोव्यातल्या कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला होते. लंचच्या वेळी गाडी खाली करताना बंडलवरची लोखंडी पट्टी कापली आणि ती सटकन उसळून आमच्या एका लोडरच्या हातावर बसली, मनगटाच्या वरपासून कोपरापर्यंत हात उघडा पडला. एकजण सुतळी घेऊन आला वर आवळून बांधायला, एकजण कँटीनमधून हळद. आणि फर्स्ट एड बॉक्स कुठे? स्टोअरमध्ये, कुलपात! किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला फोंड्याला गेलेला. मी डब्याच्या पिशवीतला धुतलेला नॅपकिन काढला, घडी केली आणि तळव्याने जखमेवर दाबून धरला, त्याला खाली आडवा केला, हात वर. मागून एक बाई म्हणते, "हात लाय नाका गो, मागीर तुजेर येतलें," म्हणजे हात लावू नको, नंतर तुझ्यावर येईल. नॅपकिन भिजला तेव्हा सगळे म्हणायला लागले काढ, बदल. मी काढला नाही, त्याच्यावरच दुसरा ठेवला, कारण खालचा ओढला की धरायला लागलेलं रक्त परत सुटतं. हे मला आधीच्या कंपनीतल्या एका दिवसाच्या ट्रेनिंगमध्येच शिकवलेलं. १०८ वाल्यांनीसुद्धा माझा नॅपकिन न काढता वरूनच पट्टी गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला विचारलं की पेटीला कुलूप का, तर म्हणे गोळ्या, बँडेज चोरीला जातात. अरे जाऊ देत की! तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टच्या कलम ४५ मध्ये स्वच्छ लिहिलेलं की पेटी कामाच्या सगळ्या वेळात चटकन हाताशी असली पाहिजे, दर १५० कामगारांमागे निदान एक, आणि जिच्या ताब्यात असेल ती व्यक्ती सर्टिफिकेटवाली आणि कायम हजर पाहिजे. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत एकच, "तुम्ही कायदा शिकवू नका." म्हणून सांगते, नाव देताना किल्ली कोणाकडे असते ते पण विचारा, आणि एचआर न् ऑफिसवाल्यांचीच नावं घालत असतील तर भांडा. मशीनवर, कँटीनमध्ये, नाइट शिफ्टला असतात त्यांना आधी पाठवायला हवं, हात त्यांचे कापतात.

ट्रेनिंगला गेलात तर मागे बसून फोटो काढत बसू नका, हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची (सीपीआर) ते डमीवर स्वतः दाबून बघा. कोपर न वाकवता छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. व्हिडिओत सोपं दिसतं, दोन मिनिटांत खांदे भरून येतात, म्हणून माणूस आलटून पालटून लागतो. भाजलेल्यावर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी, बर्फ, टूथपेस्ट काही नको.

जबाबदारीचं म्हणाल तर रस्त्यावरच्या अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. कंपनीच्या आतलं एचआरकडून लेखी घ्या, पण त्यासाठी शिकायचं थांबू नका.

आणि हो, जखमेत काही रुतलेलं असेल तर त्यावर दाबायचं नाही आणि उपटायचंही नाही, बाजूने दाबायचं. हातापायाचं रक्त दाबूनही थांबतच नसेल तर वरून आवळायचा खरा पट्टा असतो, तो ट्रेनरकडून नीट शिकून घ्या, सुतळीने ते होत नाही. हातमोजे मिळाले तर आधी घाला. सर्टिफिकेटला मुदत असते, ती संपायच्या आत परत बसा.