क्राकोवच्या आदल्या रात्री

प्रिय पोरी,

पूर्व युरोपची ग्रुप टूर तुझ्या हातात दिल्याचं ऑफिसातून कळलं. बेचाळीस माणसं, त्यातली निम्मी साठीच्या पुढची. म्हणजे गोळ्यांचे डबे, चिवड्याच्या पिशव्या, बस सुटताना ‘गणपती बाप्पा मोरया’ आणि गाव संपायच्या आत अंताक्षरी. व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट तू आरामात सांभाळशील. मी लिहितोय ते फक्त क्राकोवच्या दुसऱ्या दिवसासाठी.

तुझ्या कार्यक्रमात छापलंय, ‘सकाळी ऑशविट्झ, दुपारी वेलिच्काची मिठाची खाण’. हे ज्याने टेबलाशी बसून आखलं त्याने ती सकाळ कधी काढलेली नाही. ऑशविट्झ आणि बिर्केनाऊ, नाझींच्या या दोन्ही छळछावण्या तिथल्या संग्रहालयाच्या गाइडबरोबर पाहायला साडेतीन तास लागतात, आणि क्राकोवहून जायला साधारण दीड तास. खाण त्याच्या पुढच्या दिवसावर ढकलता आली तर बघ. मी अकरा वर्षं भांडलो, तीनदाच जमलं.

पहिल्या खेपेला मी काय केलं ते सांगतो. तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे नियमच होता, प्रत्येक प्रसिद्ध ठिकाणी बॅनर धरून ग्रुप फोटो. मी छावणीच्या फाटकाखाली, ‘आर्बाइट माख्ट फ्राय’ (काम माणसाला मुक्त करतं) या पाटीखाली, बॅनर उलगडला. लोकांना उंचीप्रमाणे उभं केलं. ‘स्माइल’सुद्धा म्हणालो. आमची पोलिश गाइड काही बोलली नाही. तिने हेडफोनचा माइक बंद केला आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तो फोटो पुढच्या वर्षीच्या ब्रोशरात आला. माझ्याकडे अजून आहे. त्यात सगळ्यांत रुंद मीच हसतोय.

त्यानंतर एक शिकलो. तिथे पोचल्यावर सांगून उपयोग नसतो. सुरक्षा तपासणी, हेडफोनचं वाटप, टॉयलेटची रांग, यात कोण कुणाचं ऐकतंय? शिवाय आत गेल्यावर बोलायचं काम त्यांच्या गाइडचं, आपलं नाही. तुला जे सांगायचं ते आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, वीस मिनिटांत सांगून मोकळी हो.

आकडे थोडेच सांग. १९४० ते १९४५ मध्ये नाझी जर्मनीने इथे सुमारे ११ लाख माणसं मारली, त्यातली सुमारे १० लाख ज्यू. बाकीच्यांत पोलिश, रोमा (जिप्सी) आणि सोव्हिएत युद्धकैदी. ‘पोलिश कॅम्प’ असं चुकूनही म्हणू नकोस. पोलंड तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता, आणि हा शब्द तिथल्या माणसाला लागतो. ही जागा १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. २००७ मध्ये तिचं नाव बदलून त्यात ‘जर्मन नाझी’ हे शब्द मुद्दाम घातले.

मग कोणीतरी म्हणेलच, ‘काही म्हणा, हिटलर शिस्तीचा होता हं.’ आपल्याकडे कडक हेडमास्तरांना हिटलर म्हणतात, स्टेशनवरच्या स्टॉलवर त्याचं पुस्तक ‘यशस्वी कसे व्हाल’च्या शेजारी असतं, त्यामुळे बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. चिडू नकोस, पण तो विषय हॉटेलातच मिटव. मी एवढंच सांगायचो: १९४४ च्या मे ते जुलैमध्ये हंगेरीतून चार लाखांहून जास्त ज्यू आगगाडीने इथे आणले. बहुतेकांना आल्या आल्या मारलं. काम झटपट व्हावं म्हणून रूळ थेट बिर्केनाऊच्या आत नेले. शिस्त ती ही. खोली गप्प होते. त्या रुळांवर हात पसरून तोल सांभाळत चालण्याचे फोटो लोक इतके काढायला लागले, की २०१९ मध्ये संग्रहालयाला जाहीरपणे विनंती करावी लागली, असं करू नका म्हणून. तेही सांग.

यानंतर मी पंचनाम्यावर यायचो. घरफोडी झाली की पोलीस येईपर्यंत आपण कपाटाला हात लावत नाही. इथे तसंच आहे. एसएसने, म्हणजे छावणी चालवणाऱ्या नाझी दलाने, जानेवारी १९४५ मध्ये पळून जाताना बिर्केनाऊतली गॅस चेंबर सुरुंगाने उडवली. ते कोसळलेले स्लॅब आणखी ढासळू नयेत म्हणून सावरून धरलेत, पुन्हा बांधलेले नाहीत. मागे खून झाले तसा पुरावा पुसायचाही प्रयत्न झाला, आणि तो स्लॅब या दोन्हीचा साक्षीदार आहे. उद्या कुणी म्हणालं असं काही घडलंच नव्हतं (असं म्हणणारे आहेत), तर दाखवायला काय आहे? ती वीट, तो रूळ, ते बूट. १९४७ मध्ये पोलिश संसदेने कायदा करून हे संग्रहालय केलं ते यासाठी, आणि २००९ मध्ये निव्वळ जतनासाठी वेगळं प्रतिष्ठान निघालं तेही यासाठी. किल्ल्यावर बाण-बदाम कोरणारे आपले लोक. त्यांना सांग, की तिथल्या भिंतींवर कैद्यांनी ओरखडलेल्या खुणा आहेत, आणि त्यांच्या शेजारी पर्यटकाने कोरलेलं नाव पडलं की खरं काय नि खोटं काय, हे शोधणाऱ्याचं काम दुप्पट होतं.

वाईट हेतूने नासधूस करणारे वेगळे. २००९ च्या डिसेंबरात फाटकावरची ती पाटीच चोरीला गेली, काही दिवसांत तीन तुकड्यांत सापडली. आता वर दिसते ती प्रतिकृती. २०२१ मध्ये बिर्केनाऊच्या नऊ लाकडी बराकींवर कुणीतरी स्प्रेने ज्यूद्वेषी मजकूर लिहिला. असली माणसं तुझ्या बसमध्ये नसतील. तुझ्या बसमध्ये भाविक असतील, आणि मला जास्त भीती त्यांची वाटते.

एकदा ग्रुपमध्ये निवृत्त शिक्षक होते. सगळीकडे वही काढून टिपणं घेणारे, वक्तशीर, मला ‘अहो’ म्हणणारे. बिर्केनाऊत भट्ट्यांच्या मागे तळी आहेत, तिथे गुरुजी मागे राहिले. वळून बघतो तर खाली वाकून चिमूटभर माती रुमालात घेतायत. रायगडची माती कपाळाला लावणारा माणूस. देव्हाऱ्यात ठेवणार होते. मी जवळ जाऊन हळू सांगितलं, की गुरुजी, माणसं जाळल्यावर राख या तळ्यांत आणि आजूबाजूला टाकली जायची. मातीत हाडांचे कण आहेत. ते काही बोलले नाहीत. रुमाल उघडून जिथून घेतली तिथेच माती सोडली. मग दोन्ही हात पुढे धरून तसेच उभे राहिले. झटकावेत की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. मलाही सांगता आलं नाही.

तेव्हा हे स्पष्ट सांग: खडा, काच, बटण, गवताची काडी, काहीही उचलायचं नाही. श्रद्धेने उचललं तरी तो गुन्हाच. २०१५ मध्ये शाळेच्या सहलीला आलेल्या दोन इंग्रज मुलांना जमिनीवरच्या असल्याच बारीकसारीक वस्तूंपायी पोलिसांनी धरलं होतं. ज्यूंच्यात थडग्यावर फुलांऐवजी खडा ठेवायची रीत आहे, आणि ती पाहून आपल्या लोकांना चटकन पटतं, की इथे खडा ठेवतात, नेत नाहीत.

वस्तूंच्या खोल्यांत काय होईल ते माहीत असू दे. १ लाख १० हजारांच्या आसपास बूट आहेत. सुटकेसी आहेत, त्यांच्यावर मालकांनी स्वतः रंगाने लिहिलेली नावं. बायका सुटकेसींपाशी थबकतात, कारण आपणही निघताना बॅगेवर नाव-गाव असंच लिहितो. पण मी एका मगाची गोष्ट आवर्जून सांगायचो. इनॅमलचा साधा मग, हजारो भांड्यांतला एक. २०१६ मध्ये कळलं, की त्याचा तळ गंजून सुटलाय आणि खाली दुसरा तळ आहे. आत सोन्याची अंगठी आणि साखळी. सत्तर वर्षं तो तिथेच होता. हे सांगितलं की मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघतात. त्यांच्या परकराला चोरकप्पा असतो आणि त्यात युरो असतात. आणखी काही समजवावं लागत नाही.

बूट नवे दिसतील असे घासत नाहीत, यालाही कारण आहे. २०२० मध्ये एका लहान मुलाच्या बुटात हाताने लिहिलेलं नाव सापडलं, शेजारी त्याला आणलेल्या आगगाडीची खूण आणि तिच्या यादीतला क्रमांक. मूल प्रागचं, १९३८ साली जन्मलेलं. बूट हरवू नये म्हणून घरातल्या मोठ्या माणसाने लिहिलं असणार. २०२३ मध्ये लहान मुलांच्या आठ हजार बुटांच्या जतनाचं काम हाती घेतलं. केसांचं मात्र वेगळं. बायकांचे कापलेले केस, दोन टनांच्या आसपास. तो देहाचा भाग, म्हणून त्यांचं संवर्धन करायचं नाही, जसे झिजतील तसे झिजू द्यायचे, असं ठरवलंय. त्या खोलीत फोटो काढू देत नाहीत, आणि अकरा नंबरच्या ब्लॉकच्या तळघरातही नाही. बाकी ठिकाणी फ्लॅश न मारता चालतात. पण फोटो चालतो म्हणून नातवाला व्हिडिओ कॉल चालत नाही. हा माझा अनुभव आहे: ‘बघ रे सोन्या, आजी कुठे आलीय!’ हा आवाज विटांच्या खोलीत घुमतो.

अजून दोन-तीन गोष्टी, पटापट. खाणं बसमध्येच. बॅग ३५ × २५ × १५ सेंटीमीटरच्या आत, मोठी असली तर बसमध्ये ठेवायची. चौदा वर्षांखालचं मूल असेल तर आई-वडिलांशी आधी बोल. संग्रहालय स्वतःच त्या वयाच्या आत आणू नका असं सुचवतं. आणि स्वस्तिक. नव्या सुटकेसवर कुंकवाने काढलेलं, गळ्यातलं, कापडी पिशवीवर छापलेलं. आपलं वेगळं, नाझींचं वेगळं, सगळं खरं. पण फाटकापाशी ज्याच्या घरातली माणसं गेली त्याला ते ऐकवायची ही वेळ नाही. आदल्या रात्रीच ओल्या फडक्याने पुस, पेंडंट लॉकरमध्ये. कुणी नाराज झालं तर होऊ दे.

बिर्केनाऊच्या टोकाला स्मारकापाशी २३ भाषांतले फलक आहेत. ‘हिंदीत नाही का?’ असं कुणीतरी विचारतं. इथे आणलेल्या माणसांच्या त्या भाषा आहेत, जोडीला इंग्रजी. नाही, हे बरंच आहे, एवढं उत्तर पुरतं.

पुढे बर्लिनला मारलेल्या ज्यूंचं स्मारक लागेल, २७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं. तिथे पोरं उड्या मारताना दिसली तर फार डोक्यात घेऊ नकोस. त्याच्या वास्तुरचनाकाराने, पीटर आयझेनमनने, लोक तिथे खेळतील, डबे खातील हे धरलंच होतं; त्या ठोकळ्यांखाली कुणी पुरलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. आपल्या माणसांना ठोकळ्यावर चढू देऊ नकोस, बस. ऑशविट्झचे नियम तिथे लावायला जाशील तर तूच दमशील.

परत येताना बस गप्प असते. तू माइक घेऊ नकोस. हॉटेलवर पोचल्यावर काही बायका आधी आंघोळीला जातील, स्मशानातून आल्यासारख्या, आणि पुरुष ‘हे काय आता’ म्हणतील. म्हणू देत. ज्यूंच्यातही कबरस्तानातून निघताना हात धुतात. गरम पाण्याचं रिसेप्शनला सकाळीच सांगून ठेव, चाळीस माणसं एकदम नळ सोडतात. जेवण साधं माग, वरण-भात मिळाला तर उत्तम.

आणि हो, प्रवेशपास नावानिशी असतात, दारात ओळखपत्राशी ताडून बघतात. बेचाळीस नावं पासपोर्टवर आहेत तशीच टाइप करून शुक्रवारपर्यंत मला पाठव. मागे आपण एका आजींचं आडनाव चुकवलं होतं, त्या पाऊण तास बाहेर उभ्या राहिल्या. स्पेलिंग मी एकदा नजरेखालून घालतो.

तुझा,
दादा