लग्नात पाहुणे ऑटिझम असलेल्या माझ्या भाच्याला ‘वेडा’ म्हणतात. त्यांना काय सांगावं? त्याला न्यावं का?

न्या, नक्की न्या. लेकरू घरी ठेवलं की पाहुण्यांचा समज तसाच राहतो.

‘वेडा’, ‘मंद’ हे तिथल्या तिथे थांबवा. एवढंच सांगा: “त्याला ऑटिझम आहे. काही विचारलं तर मनात दहापर्यंत मोजा, उत्तराला वेळ लागतो.” ‘ग्रस्त’, ‘पीडित’ही नको, हा आजार नव्हे, मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. ‘ऑटिझम असलेला’ किंवा ‘ऑटिस्टिक’ म्हणा. मोठेपणी तो स्वतः निवडेल तो शब्द खरा. ‘स्वमग्न’ सरकारी कागदांत चालतो, पण त्यातून लेकराला माणसंच नकोत असा ऐकणाऱ्याचा समज होतो. बहुतेकदा माणसं हवी असतात, गोंगाट झेपत नाही.

म्हणून आपल्याकडच्या लग्नात खरी अडचण वरातीची. डीजे टाळा. मंडप रिकामा असतानाच पोहोचा, त्याला फिरवून दाखवा, कडेची जागा धरा. कान झाकणारे हेडफोन आणि त्याच्या सवयीचं खाणं सोबत असू द्या. पाया पडायची, नजरेला नजर द्यायची बळजबरी नको.

तो कान झाकून ओरडू लागला तर तो हट्ट नव्हे. आवाज, उजेड, गर्दी एकदम अंगावर आलेली असते. रागावलं तर आणखी एक आवाज वाढतो. शांत खोलीत न्या, कमी बोला, थांबा.

लग्नाबाहेरचं एक: ऑटिझममुळे शाळेत कोणी प्रवेश नाकारला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, हे लेखी अर्जात लिहा.