एचबेसमध्ये प्रीफिक्सफिल्टर लावूनही स्कॅन इतका स्लो का चालतो?

उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे ना भो. एचबेस म्हणजे ओळी (रो) त्यांच्या की च्या क्रमाने लावून ठेवणारा डेटाबेस, नि प्रीफिक्सफिल्टर म्हणजे ठराविक अक्षरांनी सुरू होणाऱ्या रोच ठेवणारी चाळणी. तुम्ही म्हणताय केळीच्या बागांमधल्या ओलाव्याच्या सेन्सरचं टेबल आहे, अख्खा जळगाव जिल्हा, रो की (म्हणजे ओळीची ओळख) 'तालुका#सेन्सर#तारीख' अशी, नावं मराठीत, आणि अमळनेर मागितलं की झटकन येतं पण रावेर मागितलं की चहा पिऊन या तरी चालूच. आता ते १५ तालुके एचबेस लावतं तसे बाइटच्या क्रमाने लावून बघा, अमळनेर पहिला आणि यावलच्याही मागे, एकदम शेवटी, रावेर. निदान जुन्या व्हर्जनमध्ये तरी प्रीफिक्सफिल्टर फक्त समोर आलेली रो ठेवायची का टाकायची एवढंच बघतो, सुरुवात कुठून करायची ते तो सांगतच नाही, म्हणून आधीचे १४ तालुके वाचून फेकून देतो नि मग रावेरला पोचतो. प्रीफिक्स संपला की थांबतो तेवढं बरंय, अमळनेर फास्ट वाटतं ते त्याच्यामुळेच. कोणी रॅम वाढवा म्हणालं तर ऐकू नका.

फिल्टर काढा, रेंज द्या. स्टार्ट रो 'रावेर#' आणि स्टॉप रो 'रावेर$', कारण स्टॉप रो स्वतः धरली जात नाही आणि # च्या पुढचा बाइट $ आहे. मग ज्या रीजनमध्ये (टेबलाच्या तुकड्यात) रावेर आहे तिथेच थेट उडी, बाकीच्यांना हात पण लागत नाही. हे गणित आपोआप करणारी मेथड आहे, सेटरोप्रीफिक्सफिल्टर, नावात फिल्टर असलं तरी आत रेंजच लावते, ह्याच घोळापायी एचबेस २.५ पासून ती डेप्रिकेट करून (जुनी ठरवून) सेटस्टार्टस्टॉपरोफॉरप्रीफिक्सस्कॅन असं लांबलचक नाव दिलंय.

आणखी एक, तुम्ही सेन्सर नंबर १२ साठी प्रीफिक्स 'रावेर#१२' दिलाय, त्यात १२० आणि १२५ पण येणार, शेवटचा # लावाच, आणि नंबर ००१२ असे शून्य लावून सारख्या लांबीचे ठेवा नाहीतर १० हा ९ च्या आधी येऊन बसतो. एका सेन्सरचा १ ते ७ जुलै हवा तर तालुका नि सेन्सरच्या पुढे '२०२४०७०१' पासून '२०२४०७०८' पर्यंत, आठ तारीख येत नाही. पण रावेरच्या सगळ्या सेन्सरचा एकच दिवस हवा असेल तर ह्या की ने अख्खा रावेर वाचावा लागतो, तिथे रेंजच्या आत फझीरोफिल्टर लावून बघा, तो पुढच्या जुळणाऱ्या रो कडे उडी मारायला सांगतो, फक्त त्याला ठरलेल्या जागा लागतात म्हणून परत तेच शून्य.

की मध्ये तारीख सगळ्यात आधी घ्यायचा विचार तुम्ही लिहिलाय तो करू नका, रोजचं सगळं लिखाण एकाच रीजनवर आदळेल. सॉल्ट (की च्या आधी जोडलेला बकेटचा, म्हणजे गटाचा नंबर) लावला तर लिखाण पसरतं पण मग जेवढे बकेट तेवढे वेगळे रेंज स्कॅन, आणि सॉल्ट रँडम नको, सेन्सरच्या हॅशवरून (सेन्सर नंबरवरून दरवेळी तोच निघणारा आकडा) काढा म्हणजे एका सेन्सरसाठी तरी एकच बकेट शोधावं लागेल.