बिझनेस की कॉम्प्युटर सायन्स हे ठरलेलं नसताना अमेरिकेत सेफ्टी कॉलेज कसं निवडावं?

सेफ्टी कॉलेज म्हणजे जिथे प्रवेश जवळजवळ नक्की मिळेल असं कॉलेज. पण नुसता प्रवेश मिळणं सोपं आहे का, एवढंच पाहू नका. आत गेल्यावर विषय बदलता येतो का, हे आधी बघा. तुमच्या मुलीचं अजून ठरलेलं नाही म्हणता, तर खरी मेख तिथेच आहे. वॉशिंग्टन विद्यापीठ (सिअ‍ॅटल) किंवा इलिनॉय अर्बाना-शँपेनमध्ये दुसऱ्या विषयातून कॉम्प्युटर सायन्समध्ये शिरणं फार अवघड. अशी कॉलेजं मार्क कितीही चांगले असले तरी सेफ्टी मानू नयेत.

माझी पहिली पसंती अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठ. प्रवेशाचे निकष ते उघड सांगतात आणि अर्ज येतील तसे निर्णय देत जातात, त्यामुळे डोक्यावरचा भार लवकर उतरतो. त्यांच्या डब्ल्यू. पी. केरी बिझनेस स्कूलमध्येच कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स हा विषय आहे, म्हणजे दोन्हीकडे पाय ठेवता येतो. मात्र केरीच्या अटी विद्यापीठाच्या अटींहून कडक असतात, त्या वेगळ्या वाचा. अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या एलर या बिझनेस कॉलेजमधला एम.आय.एस. (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स) हा विषयसुद्धा नावाजलेला आहे. इंडियाना विद्यापीठात (ब्लूमिंग्टन) बिझनेसचं केली आणि कॉम्प्युटरचं लडी अशी दोन्ही स्कूलं आहेत, पण केलीचा थेट प्रवेश हा स्वतंत्र मामला. विद्यापीठात घेतलं म्हणजे केलीत घेतलं असं नाही.

आणि हो, फीचा हिशोब करा. परवडत नसेल तर ती सेफ्टी नाहीच. तुम्ही राहता त्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ यादीत असू द्या, भले मुलीने नाक मुरडलं तरी. पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस, प्रोग्रॅमिंग आणि इकॉनॉमिक्स घेतलं की दोन्ही वाटा बऱ्यापैकी उघड्या राहतात.